सव्वीस बूट

"भात. परत भात. सकाळी भात, दुपारी भात, आणि संध्याकाळी केळीच्या पानात बांधलेला भात," हवालदार मधुकर धायगुडे पालथे पडून पुटपुटत होते. मालिशच्या टेबलाला तोंडासाठी एक भोक असतं. त्या भोकातून त्यांचा आवाज खाली फरशीवर पडायचा आणि तिथून मला ऐकू यायचा. "आठ दिवस भाकरी नाही. माणसानं पळायचं कशावर?"

"जपानवालेपण भातच खातात की, मधूदा," इक्बाल म्हणाला. तो शेजारी पालथ्या बादलीवर बसून केळं सोलत होता.

"ते काड्यांनी खातात. जेवता जेवताच बॅटनचा सराव होतो त्यांचा."

इक्बाल एवढा हसला की केळं हातातून निसटलं. मीही हसले. माझे दोन्ही अंगठे तेव्हा हवालदारांच्या उजव्या मांडीच्या मागच्या बाजूला होते, गुडघ्याच्या वर वीतभर. हसता हसता डावा अंगठा एकदम आत गेला. जिथं भरीव मांस असायला हवं तिथं खळगा होता. चिंचोका बसेल एवढा.

हवालदारांचं पुटपुटणं थांबलं.

"इक्बाल," ते भोकातूनच म्हणाले, "जरा बर्फ घेऊन ये. भरपूर आण."

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव जकार्ता, निमित्त आशियाई मैदानी स्पर्धा. मी तिथं काय करत होते, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला रोज विचारत होते. मी फलटणची. सातवी शिकलेली. बाळ-बाळंतिणींना न्हाऊमाखू घालणं हा माझ्या आजीचा धंदा, तोच माझा. एकदा मुलींच्या क्रीडा वसतिगृहात एका पोरीच्या पोटरीला गोळा आला आणि डॉक्टर सापडेनात, तेव्हा रखवालदार मला बोलवायला आला. तिथून जिल्हा, मग राज्य, मग देशाच्या मुलींचं शिबिर. रद्दीवाल्याकडून शिरांचा एक तक्ता आणला होता, त्यावरून नावं पाठ केली. हातांना नावांची गरज नव्हती, साहेबांशी बोलायला लागायची. त्या वर्षी निघायच्या आधी चार दिवस पुरुषांच्या मालिशवाल्याला कावीळ झाली आणि त्याच्या जागी माझं नाव लागलं. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'मि. शेवंता लोहार' असं छापून आलं. पहिल्या दिवशी पंजाबचा धावपटू टेबलावर झोपायलाच तयार होईना. मी म्हटलं, "बाबा, तुझ्यासारखे चारशे लालपिवळे गोळे मी पायावर घेऊन न्हाऊ घातलेत. तू फक्त लांबीला जास्त आहेस." त्या दिवसापासून सगळे मला आक्का म्हणायला लागले.

इक्बाल बर्फाला गेला तसं मी विचारलं, "कधी झालं?"

"सकाळी. शेवटच्या दहा मीटरला. टच् झालं."

सकाळी चार गुणिले शंभर रिलेची प्राथमिक फेरी झाली होती. आपली चौकडी त्यात दुसरी आली. अंतिम शर्यत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती.

"दुखतंय फार?"

"तुम्ही अंगठा काढलात तर जरा कमी दुखेल."

मी अंगठा काढला. "हवालदार, शीर फाटलीय. सरांना सांगावं लागेल."

"सांगा की. मग सर राखीव गडी पळवतील. चांगलाय तो. पण त्यानं इक्बालच्या हातात आजवर एकदाही बॅटन दिलेली नाही. उद्या पहिल्यांदा देईल. इतक्या लांब येऊन." मग त्यांनी टेबलाची कड धरली. "आक्का, ही माझी पाचवी आशियाई. चौथा, पाचवा, पाचवा, चौथा. पदकासाठी बायकोनं भिंतीला खिळा ठोकलाय. बारा वर्षं झाली. आता त्याला कॅलेंडर अडकवते."

"तुम्ही तेहतीसचे आहात. इक्बाल तेवीसचा आहे. त्याला अजून—"

"त्याच्यासाठीच म्हणतोय. शंभर मीटरच्या अंतिम फेरीत त्याचा नंबर केसानं हुकला. रिलेत पदक आलं तर त्याची रेल्वेची नोकरी पक्की. आणि त्याच्या हातात बॅटन नीट पडायची तर ती माझ्याच हातनं पडेल."

हे मात्र खरं होतं. त्यांच्याइतकी जमलेली जोडी त्या मैदानावर दुसरी नव्हती. धायगुडेंनी इक्बाल मुलाणीला सांगोल्याच्या एका जत्रेतल्या शर्यतीत अनवाणी पळताना पाहिलं आणि पुण्याला आणला. पहिले काट्यांचे बूट त्याला स्वतःचे जुने दिले. ते मोठे व्हायचे, म्हणून पुढं कापूस कोंबून घालायचा. त्या बुटानंच दोघांनी आपलं माप ठरवलं.

माप म्हणजे काय, ते सांगते. रिलेत बॅटन घेणारा धावपटू मागं एक चिकटपट्टी लावून ठेवतो. देणारा पळत पळत त्या पट्टीवर आला की घेणाऱ्यानं सुटायचं आणि मग मागं वळून बघायचं नाही. देणारा ओरडेल तेव्हा नुसता हात मागं करायचा. पट्टी लांब लावली तर घेणारा लवकर सुटतो, जवळ लावली तर उशिरा. अदलाबदल वीस मीटरच्या हद्दीत झाली नाही तर अख्खी चौकडी बाद. सगळे धावपटू पट्टीचं अंतर आपल्या पावलांनी मोजतात. इक्बाल मात्र त्या जुन्या डाव्या बुटानं मोजायचा. बूट हातात धरून, वाकून, टोकापुढं टाच ठेवत. सव्वीस बूट. नवे बूट आले, गेले, पण तो एकटा डावा बूट त्याच्या पिशवीत कायम असायचा. परदेशी पोरं हसायची. तो म्हणायचा, "हसू देत. आमच्यात मापटं बदलत नाहीत."

"निदान इक्बालला तरी सांगते," मी म्हणाले. "दोन बूट जवळ घेईल पट्टी. तुम्हाला पोचायला सोपं जाईल."

हवालदारांनी पहिल्यांदाच मान वर केली. कपाळावर टेबलाच्या भोकाचा गोल उमटला होता.

"नाही, आक्का. सव्वीसची चोवीस केली तर काय होईल? मी संपलो असं त्यानं जमिनीवर लिहिल्यासारखं होईल. दुसऱ्या कुणीही लिहू दे. त्याच्या हातनं नको."

"आणि पाय?"

"पाय माझा आहे. दहा सेकंदांचं तर काम." कुणाला सांगणार नाही, असा मी शब्द दिला.

इक्बाल बर्फाची पिशवी खांद्यावर घेऊन आला. हवालदारांनी तोंड परत भोकात घातलं आणि म्हणाले, "आज संध्याकाळी काय आहे रे जेवायला?"

"भात," इक्बाल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या छोट्या मैदानावर मी हवालदारांची मांडी चापूनचोपून बांधली आणि वर लांब चड्डी घालायला लावली. ते हळूहळू पळाले, दोनदा जोरात पळाले. काही दिसलं नाही. दिसू न देणं हेही सैन्यात शिकवतात बहुतेक. आमचे प्रशिक्षक खर्डेकर सर घड्याळ बघत म्हणाले, "धायगुडे, जपून. सगळी ताकद इथंच संपवू नका." बस.

नावं पुकारायच्या खोलीत धावपटूंशिवाय कुणाला जाऊ देत नाहीत. ती वेळ जवळ आली तेव्हा इक्बाल पिशवी घ्यायचं निमित्त करून माझ्याजवळ आला.

"आक्का, मधूदाचा पाय कसाय?"

"कसा म्हणजे?"

"काल मला बर्फाला पाठवलं. भरपूर आण म्हणाले. भरपूर बर्फ कशाला लागतो?"

"पाहुण्यांच्या गावचा फुकटचा बर्फ. आणला तर बिघडलं कुठं?"

तो हसला नाही. "बरा आहे का पाय?"

"बरा आहे."

"हे तुमचा अंगठा सांगतोय का तुम्ही सांगताय?"

एवढ्या वर्षांत किती बाळंतिणींना मी सांगितलं असेल, काही नाही बाई, सगळं ठीक होईल. जीभ त्या वळणाला सरावलेली होती. मी म्हणाले, "अंगठाच सांगतोय. जा आता."

तो दोन पावलं गेला, थांबला, पिशवीतला जुना बूट चाचपला आणि गेला.

मी वर प्रेक्षकांत जाऊन बसले. शेवटचा बॅटनबदल जिथं होतो, बरोबर त्या वळणाच्या डोक्यावर. हवालदार मैदानाच्या पार पलीकडे होते, तिसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला, मुंगीएवढे. इक्बाल माझ्या खालीच होता. बाकीचे गडी पावलं टाकत अंतर मोजून मोकळे झाले. हा वाकला, बूट ठेवला, बोटानं खूण केली, बूट उचलून पुढं ठेवला. मी त्याच्याबरोबर मोजत होते. माझ्या शेजारी कोणी चिनी बाई होती, तिला वाटलं मी जप करतेय.

बावीस. तेवीस. चोवीस.

इक्बाल थांबला. वाकलेलाच राहिला. मान वळवून त्यानं पलीकडच्या मुंगीकडे बघितलं. मग दातांनी पट्टी तोडली आणि तिथंच चिकटवली. चोवीसवर.

मी माझं ओळखपत्र डोळ्यांना लावून रडले आणि मला हायसं वाटलं, हेही खरं. पोरानं माझं खोटं ओळखलं होतं आणि मला काही न विचारता दुरुस्तही केलं होतं. म्हटलं, आता जमेल. आता हात पोचेल.

बंदूक वाजली. आपला केरळचा पहिला गडी झकास सुटला. पंजाबवाल्यानं समोरच्या सरळ रस्त्यावर दोन देशांना मागं टाकलं. हवालदारांच्या हातात बॅटन आली तेव्हा आपण दुसरे होतो. पुढं फक्त जपान. वळणावरचे पहिले पन्नास मीटर हवालदार जे पळाले, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. वाटलं, माझा अंगठा खोटा, हेच खरे.

मग वळण संपता संपता उजवा पाय पुरा उचलेना. दळताना जात्यात खडा यावा तसा मध्येच अडायला लागला.

इक्बाल वाकून, काखेखालून मागं बघत उभा होता. शेजारच्या पट्ट्यांतले गडी सुटले. हवालदार पट्टीवर आले, पट्टी ओलांडली. इक्बाल सुटला नाही. एक श्वास, आणखी एक अर्धा श्वास तो तसाच थांबला. हे मी वरून पाहिलं. बाकी कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही, सगळ्यांचे डोळे जपानवर होते. मग तो सुटला. सुटायलाच हवं होतं, नाहीतर दोघं एकमेकांवर आदळले असते.

"घे!" हवालदारांचा आवाज मला वरपर्यंत आला.

इक्बालचा हात मागं गेला. पंजा पसरलेला, ताठ, सरावात हजारदा जायचा तसा. बॅटन त्या पंजापासून वीतभर लांब होती. मग हातभर. मग दोन हात. इक्बालनं वेग कमी केला, जवळजवळ चालायला लागला, तरी अंतर वाढतच गेलं, कारण मागच्या माणसाचा पाय आता नुसता फरफटत होता. हद्दीची रेघ इक्बालच्या पायाखालून गेली. हात तसाच मागं, रिकामा. पंचानं निशाण वर केलं.

हवालदार दोन्ही गुडघ्यांवर पडले. बॅटन मात्र सोडली नव्हती. इक्बाल त्यांच्याकडे चालत आला तेव्हाही त्याचा पंजा उघडाच होता, मिटायला कुणी सांगितलंच नव्हतं जणू.

टेबलाच्या खोलीत खर्डेकर सरांनी दार लावून घेतलं. हवालदार पालथे होते, तोंड भोकात. मी बर्फ धरला होता. इक्बाल भिंतीला टेकून उभा.

"पट्टी कुठं होती?"

"सव्वीसवर, सर," इक्बाल म्हणाला.

माझे हात थांबले.

"मग?"

"घाई झाली, सर. मधूदा पट्टीवर यायच्या आधीच सुटलो."

"घाई?" सरांचा आवाज चिरला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनीही त्या पदकासाठी सहा वर्षं घर सोडलं होतं. "बॅटन पळून जात होती का? बाराशे वेळा सराव करून घेतला तुमच्याकडून. एक क्षण थांबता आलं नाही तुला? तो माणूस तुला गाठायच्या नादात पडला, शीर फाडून घेतली त्यानं!"

"चूक झाली, सर."

"धायगुडे, तुम्हाला काही सांगायचंय?"

भोकातून आवाज आला नाही.

"शेवंताबाई?"

मी म्हणू शकत होते. शीर आजची नाही, कालची आहे, सर. पट्टी चोवीसवर होती, मी मोजलीय. दोनच वाक्यं. पण पहिलं बोलले असते तर सरांनी विचारलं असतं, मग काल का नाही सांगितलंत? आणि पुढच्या कुठल्याही यादीत शेवंता लोहार हे नाव लागलं नसतं, ना मि. म्हणून ना श्रीमती म्हणून. मी हवालदारांना शब्द दिला होता, हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते निम्मंच खरं आहे.

"बर्फ वितळतोय, सर," मी म्हणाले. "आणखी लागेल."

सरांनी अहवालात लिहिलं: चौथ्या धावपटूची घाई.

विमानतळाकडे जाताना बसमध्ये मी इक्बालच्या शेजारी जाऊन बसले. हवालदार पुढं, पाय लांब करून दोन आसनांवर झोपले होते. निदान डोळे तरी मिटलेले होते.

"चोवीस होते," मी हळू म्हणाले. "मी मोजले."

"सव्वीस होते, आक्का."

"मी वरून बघत होते, इक्बाल."

"तुम्ही सातवी पास. तुमचं मोजणं चुकलं." त्यानं माझ्याकडे बघितलं. ओठ हसत होते. "त्यांची शेवटची शर्यत होती, आक्का. माझी थोडीच होती?"

तसं त्याला वाटलं होतं.

पुढच्या शिबिराच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रेल्वेकडून पत्र आलं नाही. शिबिरात मात्र त्याचं नाव राहिलं, वेगळ्या तऱ्हेनं. रिलेच्या सरावात कुणी लवकर सुटला की पोरं ओरडायची, "इक्बाल केला, इक्बाल केला!" नवी पोरं यायची, ज्यांनी त्याला बघितलंही नव्हतं, तीही म्हणायची. मी चिंध्या पिळत तिथंच असायचे. मी पुढं सात वर्षं यादीत होते. पाठ दुखायला लागली तेव्हा आपणहून सोडलं.

इक्बाल सांगोल्याजवळ एका शाळेत खेळाचा शिक्षक झाला. हवालदार सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि माणमध्ये गावी आले. ती मांडी थंडी-पावसात धरते, कंबरेपर्यंत कळ जाते. मग दर दोन-तीन महिन्यांनी इक्बाल शाळेतून सुट्टी काढतो, वाकडी वाट करून माणला जातो, मोटरसायकलवर त्यांना मागं बसवतो आणि फलटणला माझ्याकडे आणतो. मी भाकरी करून ठेवते. एवढ्या वर्षांत आम्ही तिघं पावसाबद्दल बोललो, पोरांच्या लग्नांबद्दल, भातावरून तर हमखास. जकार्ता हे नाव त्यातल्या कुणी काढलं नाही. बोलायचं असतं तर रस्ते पुष्कळ होते. आम्ही प्रत्येक वेळी वळसा घालून गेलो.

गेल्या महिन्यात ते आले. भोकाचं टेबल माझ्याकडे नाही. लाकडी बाकावर दोन उशा ठेवते, मध्ये फट ठेवते, तिच्यात ते तोंड घालतात. इक्बाल बादलीवर बसतो. त्याचेही केस पिकलेत आता.

"परवा तालुक्याच्या स्पर्धा होत्या, आक्का," तो केळं सोलत म्हणाला. "आमच्या पोरी रिलेत पहिल्या."

"बुटानं मोजलंस का अजून?"

"मग? सगळ्या पोरींच्या पट्ट्या त्याच बुटानं. तळवा गेलाय, माप शाबूत आहे." मग तो हसायला लागला. "तर दुसऱ्या शाळेचे एक सर, नवीनच, पंचविशीचे, ते आपल्या पोरींना सांगत होते, पोरींनो, इक्बाल करू नका गं, इक्बाल झाला की बाद. मी जाऊन विचारलं, सर, इक्बाल म्हणजे काय हो? तर म्हणाले, लवकर सुटण्याला म्हणतात. जुना तांत्रिक शब्द आहे."

"तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, असेल. आम्हाला शिकवताना नव्हता."

तो हसत राहिला. मला हसू आलं नाही. माझा डावा अंगठा तेव्हा बरोबर त्या खळग्यात होता. एकोणीस वर्षांत तो भरलेला नाही. आता त्यात अंगठ्याचं पेर अख्खं बसतं.

मांडी माझ्या हाताखाली ताठ झाली.

"पट्टी चोवीसवर होती," उशांच्या फटीतून आवाज आला.

इक्बालचं हसणं मध्येच राहिलं. माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली, मी काही सांगितलेलं नाही, अशी. मीही हलवली.

"सव्वीसवर, मधूदा," तो म्हणाला.

"सव्वीसच्या जागेवरनं मी पळत गेलो, इक्बाल. तिथं जमीन कोरी होती. पट्टी दोन बूट पुढं दिसली. तेव्हाच कळलं, तुला माहीत आहे. आणि त्या पट्टीवरही तू थांबलास. मी बघत होतो तुझ्याकडं, दुसरं कुठं बघणार?"

"मधूदा, राहू द्या आता. झालं ते."

"पालथा आहे तोवर बोलू दे. उताणा झालो की जमायचं नाही."

बाहेर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. मी अंगठा काढला नाही. काढावा की नको तेच कळेना.

"हात पोचणार नाही हे मला दिसत होतं," ते म्हणाले. "तरी मी 'घे' म्हणालो. आणि त्या खोलीत सरांनी विचारलं तेव्हा तोंड खाली करून पडून राहिलो. आक्का साक्षीला आहेत." त्यांनी तोंड फटीत आणखी खाली घातलं. "तू लवकर सुटला नव्हतास, पोरा. मीच पोचलो नाही."